टाकीतला जिन्न

ओमानमधल्या दुक्म बंदराच्या उन्हात उंटसुद्धा सावली भाड्याने मागतात, तिथे आमचा सेफ्टीवाला दादा शीळ घालत फिरायचा. साताऱ्याकडचा, खोकला तरी बंदरातली जहाजं दचकायची. देव, भूत, मुहूर्त काहीच मानायचा नाही. व्हिसाच्या फॉर्मवरचा धर्माचा रकाना तो कोरा ठेवायचा आणि त्याच्यासाठी घाम आम्हाला फुटायचा.

एकदा तेलाच्या रिकाम्या टाकीतून दोघे कामगार भेलकांडत बाहेर आले. आत जिन्न आहे, असं अख्ख्या कॅम्पने ठरवलं. रत्नागिरीच्या चाचांनी टाकीच्या तोंडाला तावीज बांधला, आम्ही लिंबू-मिरची. एवढा बंदोबस्त झाल्यावर मी बिनधास्त एक पाय आत टाकला.

दादाने कॉलर धरून मला मागे खेचलं. "गाढवा, लिंबू गॅस मोजतं काय रे?" म्हणत त्याने गॅस मोजायचं यंत्र दोरीने आत सोडलं. ते असं किंचाळलं, की माझं रक्त थेट मस्कतला पळालं.

पाहिलं, तर दादाने माझी कॉलर अजून घट्ट आवळून धरली होती, सोडायलाच तयार नव्हता.

"दादा, तुम्हीपण घाबरलात?"

"मग? तू आत पडला असतास, तर तुला काढायला मी यंत्र न बघताच उतरलो असतो."