खोट्या दाराच्या बिजागऱ्या

सुतारकामाच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक भुसा आणि दुसरे किस्से! कुवेतमध्ये बारा वर्षं सुपरवायझर आहे मी, त्यामुळे दोन्ही माझ्या अंगावर भरपूर. पण आमच्या काउंटसाहेबांचे किस्से वेगळे काढून ठेवलेत.

जाब्रियातल्या एका श्रीमंत कुवेती कुटुंबानं आपल्या जुन्या वस्तूंचं खासगी म्युझियम काढायचं ठरवलं. लाकूडकाम आमच्याकडे आलं आणि सल्ला द्यायला फ्रान्सहून एक म्हातारे सरदार आले. सगळा जन्म इजिप्तची थडगी उकरण्यात गेलेला. मी आमच्या भिकू मेस्त्रीला ओळख करून दिली, "हे काउंट आहेत."

मालवणचा भिकू फळीवरून हात न काढता म्हणाला, "मोजूक इले? कालच मोजलंय मी. चोवीस फळ्यो आसत!"

* * *

साहेबांचं नाव एवढं लांब, की सिव्हिल आयडीवर मावेना. नावात तीन गावं आणि दोन पणजोबा! साहेब जरा ऐटीतच म्हणाले, "आमच्या घराण्याची पद्धत आहे."

मी भाषांतर केलं. भिकू म्हणाला, "आमचीय तीच. नाव, बापाशीचा नाव, आडनाव, वाडी, पोस्ट, तालुको. तेंका सांगा, पिनकोड रवलो!"

* * *

चहाच्या वेळी साहेब घरचं बोलायचे. आजोबा इजिप्तला गेले, वडील गेले, मग हे. "आमच्या घरातल्या बायकांनी पत्रांशीच संसार केला," ते म्हणाले.

भिकूची बायको गावी, हा इथं बॅचलर रूमवर सहाजणांत. तो हसला. "आमच्यो बायको व्हिडिओ कॉलवांगडा करतत. सायबांका म्हणा, आपण एकाच घराण्यातले!"

मी शब्दन् शब्द सांगितलं. साहेबांनी उठून भिकूशी हात मिळवला.

* * *

त्याच दिवशी साहेबांच्या मुलीचं कळलं. एलेन. तिच्या लग्नाच्या आठवड्यात वाळूत एका थडग्याचं दार सापडलं आणि साहेब लग्नाला गेलेच नाहीत. मुलगी एवढंच म्हणाली, "मेलेल्यांची दारं उघडत बसा. माझं दार तुम्ही कधी वाजवलंच नाही."

तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद. म्युझियमच्या उद्घाटनाचं निमंत्रण त्यांनी तिला स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. उत्तरासाठी रोज मेल उघडायचे आणि रोज मला सांगायचे, "नेट स्लो आहे." नेट चांगलं फास्ट होतं. मला फार वाईट वाटायचं.

* * *

आता दाराचा किस्सा. इजिप्शियन लोक थडग्यात एक खोटं दार कोरायचे. ते उघडत नाही, मेलेल्याचा आत्मा तेवढा त्यातून ये-जा करतो. साहेबांना तसलं एक लाकडी हवं होतं, हॉलच्या मागच्या भिंतीत बसवायला. ड्रॉइंग दिलं. भिकूनं सुंदर काम केलं. चौकट बसवली, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. वर्क साइटवर! आंब्याची पानं मिळेनात, म्हणून वफ्राच्या मळ्यावरच्या गाववाल्याकडून लिंबाची पानं मागवून तोरण बांधलं.

साहेबांनी वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, "हे कशासाठी?"

"ह्या दारातून कोण येतला, कोणाक ठाव? आधी नमस्कार केलेलो बरो."

मग साहेबांनी सहज हात लावला आणि दार आत उघडलं! भिकूनं बिजागऱ्या बसवल्या होत्या, वर दोन्ही बाजूंनी पितळी कड्या! पलीकडे थेट मागच्या गेटचा, माल आणायचा कॉरिडॉर. साहेब लालबुंद. "फॉल्स डोअर! नो ओपन!"

भिकूही तापला. "उघडना नाय तर ता दार कसला? तेका भिंत म्हणा!"

मी घाबरत भाषांतर केलं. नोकरी जाणार याची खात्रीच होती. साहेब दारापाशी गेले. त्यांनी दार चार-पाच वेळा उघडलं, मिटलं. मग हळूच म्हणाले, "बिजागऱ्या राहू दे. कड्या काढ."

* * *

उद्घाटनाची संध्याकाळ. एलेनचं उत्तर आलेलं नव्हतं. साहेब तासभर पुढच्या दरवाजाशी उभे होते, शेवटी भाषणासाठी आत आले.

तेवढ्यात मला भिकूचा फोन. "मागच्या गेटार एक मडम इलीहा. ड्रायव्हरान चुकीच्या बाजूक सोडल्यान. नाव एलेन सांगता."

मी दबक्या आवाजात म्हणालो, "पुढं तुफान गर्दी आहे. कॉरिडॉरनं आण!"

"अरे, पण कॉरिडॉर त्या..."

"आण!"

साहेब खोट्या दारापुढे उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, "हे दार जिवंत माणसांसाठी नाही. अशा दारांतून चार हजार वर्षांत कुणीही आलेलं नाही."

टक, टक, टक.

साहेब वळले. हात दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

पुन्हा टकटक झाली. मग आतून भिकूचा आवाज आला, त्याच्या त्या मालवणी हिंदीत, "साहब, ढकलो! इधर का कडी तो आपनेच निकलवाया!"