पांढरं रॉकेल

शरयूला ग्रुपमध्ये मागून रॉकेलबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

ग्रुप म्हणजे जालन्यातली डोंगरवेडी माणसं. एमआयडीसीतले मिलवाले काही, काही दुकानदार, काही बँकेतले, आणि शरयू, जी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. थंडी पडली की ही मंडळी भोकरदनच्या वर, अजिंठ्याच्या डोंगरात मुक्कामाला जातात. वर लाकूड तोडायचं नाही हे ठरलेलं, म्हणून सोबत पंपाचा पितळी स्टो. स्टो आला की रॉकेल आलं. ते शरयूच्या पाठीवर.

त्यासाठी तिनं ॲल्युमिनियमची लाल बाटली मागवली होती. आट्याचं झाकण, आत रबरी वायसर. ही बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, वर चार बोटं मोकळी ठेवायची, कारण उन्हात रॉकेल फुगतं. भरली की उलटी धरून बघायची, फडक्यानं कोरडी पुसायची. सॅकच्या बाहेरच्या खिशात उभी ठेवायची, पोळ्यांच्या डब्यापासून लांब. तंबूत न्यायची नाही. स्टो विझून हाताला गार लागल्याशिवाय त्यात भर घालायची नाही. आणि जग इकडचं तिकडं झालं तरी रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही.

हे ती दर वेळी सांगायची, आणि सांगताना चिडलेलीच असायची. लोकांना वाटायचं, अजून काही झालंच नाही तर ही आधीपासून का तापते?

झालं होतं. त्यांच्यासमोर झालं नव्हतं, एवढंच. शरयू शाळकरी असताना भोकरदनच्या घरात तिचा धाकटा भाऊ स्टोजवळच्या पेल्यातलं रॉकेल प्याला होता. गल्ली गोळा झाली. कुणी मिठाचं पाणी पाजलं, कुणी घशात बोटं घातली, पोराच्या उलट्या काढल्या. उलट्या झाल्या तसे सगळे हुश्श म्हणाले. आणि त्यानंतर पोराची छाती वाजायला लागली. डॉक्टर वडिलांना म्हणाले, पोटात गेलेलं पोटात राहू दिलं असतं तर कदाचित वाचला असता. वर ओढून काढताना ते फुप्फुसात उतरलं. पुढं कित्येक वर्षं गल्लीतल्या बायका तिच्या आईला म्हणायच्या, ‘आपुन काई कमी केलं न्हाई गं.’ त्या वाक्याचा शरयूला अजून राग येतो. कमी केलं असतं तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी राधेश्यामला डोंगरावर भजी तळायची होती.

राधेश्याम म्हणजे फवारणीचे पंप आणि पाइप विकणारा. मन मोठं, हात सढळ, तोंडात दिवसभर चेष्टा. शरयूच्या बाटलीत चहा आणि खिचडीपुरतं रॉकेल असायचं. ‘मॅडम रॉकेल आनतेत की अत्तर?’ असं तो दर मुक्कामाला विचारायचा. या खेपेला त्यानं विचारलं नाही. रंगाच्या दुकानातून बाटलीभर घेतलं, पाण्याच्याच बाटलीत, आणि सॅकच्या एका बाजूच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या बाजूला तसलीच बाटली पाण्याची. कोणत्या बाजूला काय ते आपल्याला माहीत आहे, असा त्याचा हिशेब.

पूर्वी रेशनचं रॉकेल निळं असायचं. इकडच्या माणसाचा डोळा त्या निळ्यावर तयार झालेला. रॉकेल म्हणजे निळं, लांबून ओळखू येणारं, लपून न राहणारं. रेशनवर ते यायचं बंद झालं. आता कुठं मिळालंच तर ते पाण्यासारखं पांढरं असतं. डोळ्याची सवय मात्र तीच राहिली. पांढरं दिसलं की पाणी.

चढ संपून पठार लागलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भुजंग घामानं निथळत होता. रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करणारा हा माणूस, पाणी प्यायला लागला की रांजण रिकामा करील.

‘राधे, पानी हाय का रे?’

राधेश्याम दरीचा व्हिडिओ काढत होता. ‘घे ना बॅगेतून. पावन्यासारखं काय इचारून राह्यला?’

भुजंगनं हाताला लागली ती बाटली काढली. झाकण उघडलं, मान मागं टाकली आणि वरून धार सोडली. दुसऱ्याची बाटली उष्टी करायची नाही, ही इथली लहानपणापासूनची शिस्त. तोंड लावून प्याला असता तर नाकानं आधी सांगितलं असतं. वरून पिताना नाक आभाळाकडं असतं. घोट खाली उतरल्यावर घशानं सांगितलं.

बाटली पडली. भुजंग गुडघ्यावर बसला आणि खोकायला लागला. खोकला थांबेना, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. राधेश्यामनं मागं वळून पाहिलं, कोणती बाटली पडलीय ते पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

‘मीठ,’ तो म्हणाला. ‘मीठ आना जल्दी. उलटी काढा त्याची.’

भज्यांसाठी आणलेलं मीठ त्यानंच पेल्यात कालवलं. भुजंगचं डोकं धरून पेला ओठाला लावणार, एवढ्यात मागून चढून आलेल्या शरयूला वास आला. तिनं काही विचारलं नाही. पेल्यावर हात मारला. पेला दगडांवरून घरंगळत खाली गेला.

‘ओ मॅडम, डोकं फिरलं का? मरंल ना तो.’

‘उलटी काढली तर मरंल. लाव पुन्हा हात त्याला, लाव.’

तिनं राधेश्यामला आजवर कधी एकेरीत हाक मारली नव्हती. सगळे दोन पावलं मागं सरले. कुणीतरी दबकत म्हणालं, दुधाची पावडर आहे सोबत. ‘काही न्हाई,’ शरयू म्हणाली. ‘दूध न्हाई, लिंबू न्हाई. चूळ भरायची आणि थुंकायचं. तेवढंच.’

तिनं भुजंगला खडकाला टेकवून ताठ बसवलं. त्याच्या सदऱ्यावर रॉकेल सांडलं होतं. तो काढून लांब टाकला, अंग पुसलं, स्वतःचं जाकीट घातलं.

‘ताई, मळमळून राह्यलं.’

‘आपोआप आली तर पुढं वाका. बोट घालायचं न्हाई. इकडं बघा, भुजंगभाऊ. माझ्याकडं बघा. हळू श्वास घ्या.’

‘तुमच्याकडं बघून भ्याव वाटतं ताई,’ भुजंग म्हणाला, आणि पुन्हा खोकत सुटला.

त्याला चालवायचं नाही, असं तिनं सांगितलं. दोघादोघांनी हातांची खुर्ची करून त्याला खाली उतरवलं. बाकीचे आळीपाळीनं बदलले. राधेश्याम बदलला नाही. हातांना रग लागली तरी त्यानं खुर्ची सोडली नाही, हे खरं आहे आणि सांगायला पाहिजे. पण पायथ्याची जीप दिसायला लागली तसा तो बाजूनं चालणाऱ्या शरयूकडं मान वळवून हळूच बोलला.

‘शरयूताई, एक ऐका. दवाखान्यात रॉकेल म्हनू नका. पोलीस केस व्हईल. पानी बाधलं म्हनू. पित्त म्हनू.’

‘मंग पित्ताचं औषध देतील.’

‘आपुन त्याचा सगळा खर्चा…’

‘अजून एक शब्द बोललात तर मी दगड उचलीन.’

ती खरंच उचलील, याची राधेश्यामला खात्री वाटली असावी. तो जीपमध्ये पुढं ड्रायव्हरपाशी बसला आणि सगळ्या वाटेनं मागं बघितलं नाही. मागच्या सीटवर शरयू भुजंगच्या छातीला कान लावून बसली होती. खड्ड्यात गाडी आदळली की ती ड्रायव्हरवर खेकसायची. सावकाश गेला तरी खेकसायची.

दवाखान्याच्या दारातच तिनं सांगितलं, ‘रॉकेल प्यालेत. घोट-दोन घोट. उलटी काढलेली नाही, खोकला तेव्हापासून आहे.’ डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला, पुढं जालन्याला पाठवलं. उजव्या फुप्फुसात थोडं उतरलं होतं. ताप येईल, श्वासावर लक्ष ठेवावं लागेल, आजच काही बोलता येणार नाही, असं जालन्याचे डॉक्टर म्हणाले. शरयूनं मान डोलावली आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीला तोंड करून उभी राहिली. नवरा गिरिधर डबा घेऊन आला होता. त्याला ओळखता येत होतं की ती रडत नाहीये. दात आवळून धरलेत.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. वॉर्डात भुजंग, त्याची बायको कौसल्या, कोपऱ्यात राधेश्याम. शरयू दारात.

‘बाटली कोनाची होती?’ हवालदारानं विचारलं.

राधेश्याम खिडकीबाहेर बघत होता. भुजंगनं मास्क बाजूला केला. ‘माझीच. मीच भरल्ती. इसरून पेलो.’

दोघं राजूरकडचे, एका वस्तीवरचे. गाववाल्याला पोलिसात कोण देतं? भुजंगचं बरोबर होतं, त्याच्या परीनं. शरयूच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

‘मास्क लावा, भुजंगभाऊ. आहे तेवढा श्वास खोटं बोलण्यात घालवू नका.’ मग ती हवालदाराकडं वळली. ‘बाटली यांची नव्हती.’

‘मंग कोनाची?’

तिनं नाव घेतलं नाही. राधेश्यामकडं नुसती बघत राहिली. कौसल्याही बघायला लागली. वॉर्डात शेजारच्या पेशंटचे पाहुणेही बघायला लागले.

‘माझी,’ राधेश्याम म्हणाला. ‘माझी होती साहेब.’

कौसल्यानं नवऱ्याच्या तोंडावर मास्क नीट बसवला, जरा जोरातच. ‘कालपासून मला एक शब्द बोलले न्हाईत,’ ती म्हणाली. ‘म्हनं दम लागतो. दोस्तासाठी बरा दम निघाला.’

भुजंगचा ताप चढला आणि मग हळूहळू उतरला. तो घरी गेला तरी खोकला छातीतच होता. मिलच्या धुरात इतक्यात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. या सगळ्या दिवसांत ग्रुपवर रोज देवाचे आभार मानणारे मेसेज येत होते. शेवटी एकानं लिहिलं, झालं ते वाईट झालं, पण शरयू मॅडमनी संयमानं बोलायला हवं होतं, राधेश्यामभाऊ मनातून दुखावलेत. त्याखाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. शरयूनं ते वाचलं, गिरिधरला वाचून दाखवलं, आणि ग्रुप सोडला.

‘अगं, त्यांना कळत नाही,’ गिरिधर म्हणाला.

‘कळतं. कळून घ्यायचं नाहीये. भुजंगची छाती वाजली ते चालतं यांना. माझा आवाज चढला ते चालत नाही.’

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी सकाळी भुजंग आणि कौसल्या तिच्या घरी आले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडलेली. शरयूनं दार उघडलं, आणि या-बसा म्हणायच्या आधी तशीच उंबऱ्यात उभी राहून त्याचा श्वास ऐकत राहिली.

‘मधी कुठं थांबलात?’

‘न्हाई ताई. बोलत आलो.’

‘बोलतच आले,’ कौसल्या म्हणाली. ‘माझं डोकं उठवलं. सोमवारपासून मिलला जानार म्हनतेत.’

शरयू बाजूला झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल झालेली गिरिधरला दिसली. त्यानं चहा केला. गप्पा निघाल्या. भुजंग पुढच्या थंडीत पुन्हा डोंगरावर यायचं म्हणत होता.

‘राधेश्याम पन सुधरला ताई. दुकानात पाइपं पुसायला रॉकेल लागतं ना त्याला, ते पाण्याच्या बाटलीत न्हाई ठेवत आता. सगळ्या बाटल्या फेकून देल्या त्यानं.’

‘मग कशात ठेवतो?’

‘जारमधी. ते थंड्या पान्याचे जार येतेत न्हाई का दुकानात, तसल्या एका जारमधी. मोठा हाय, कोपऱ्यात बराबर दिसतो.’

शरयूनं कप खाली ठेवला. ‘आणि गडी पाणी कुठून पितात?’

‘जारमधूनच की,’ भुजंग म्हणाला, आणि मग ओठाला नेलेला कप त्यानं तसाच मागं घेतला.

शरयू उठली होती. पायात चपला सरकवताना तिनं विचारलं, ‘दुकान रविवारी उघडं असतं ना?’

‘असतं. पन ताई, चहा तर…’

जिन्यावर तिची पावलं वाजायला लागली. कौसल्यानं बशी टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि दाराकडं निघाली.

‘थांबा ताई,’ ती वरून म्हणाली, ‘मी पन येते.’