बाळगोंडा सरांची हजेरी

आमचे बाळगोंडा पाटील सर विज्ञान असं शिकवतात, की शेजारच्या वर्गात माझी कविता कुणी ऐकत नाही. निपाणीजवळच्या या शाळेत मी मराठी शिकवते आणि रुजू झाल्यापासून सरांवर चिडून आहे.

सर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. वर्गात मुंग्यांची रांग दिसली तर पोरांना वळसा घालून जायला लावणारे. शिस्तीला मात्र कडक. हजेरीत एकानं दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हटलं, की दोघंही तास संपेपर्यंत उभे.

त्यांचं दुखणं एकच. दरवर्षी दहावीला अणूचं विखंडन शिकवताना ते वर्गाला उभं करून प्रत्येकाला कागदाचे दोन बोळे देतात. प्रत्येक पोर म्हणजे एक अणू; पहिला बोळा सर मारतात. बोळा लागला, की तो अणू फुटला. त्यानं आपले दोन्ही बोळे फेकायचे आणि खाली बसायचं. पहिल्या खेपेला सर मधे उभे राहून जादाचे बोळे अडवतात: ही अणुभट्टीतली वीज. दुसऱ्या खेपेला बाजूला होतात: हा बॉम्ब. बघता बघता अख्खा वर्ग खाली बसतो आणि टाळ्यांचा कडकडाट! त्यापुढं हिरोशिमा कुणाच्या कानात शिरत नाही.

“मॅडम, मी बॉम्बचा तमाशा दाखवतोय की काय?” यंदा, निवृत्तीच्या वर्षी, सरांनी मला विचारलं. “ह्या शेवटच्या वर्गानं तरी टाळ्या वाजवू नयेत बघा.”

वाजल्याच. भिंतीपलीकडून मी ऐकल्या, सरांसाठी फार वाईट वाटलं आणि मी त्यांच्या दाराशी गेले.

सरांनी हजेरी उघडली होती. “आता बसलेल्यांतलं कुणी उरलं न्हाय. कुणी ओ द्यायची न्हाय. वृषभ.”

पोरं खुसखुसली.

“रविराज. राजश्री.” प्रत्येक नावापाशी सर थांबत, उत्तराची वाट बघत. हळूहळू खुसखुस विरली. कुणी मान वर करेना.

“तेजस्वी.”

शेजारची सौम्या ताडकन उठली. “हाय की सर! तेजस्वी हाय! लावा की हजर तिला!” तेजस्वीचा हात घट्ट धरून ती रडत होती.

आता दोघी तासभर उभ्या, मला वाटलं. सरांनी चष्मा पुसला. “लावतो गं बाळ,” म्हणाले आणि पहिल्यापासून नावं घेऊ लागले.

या खेपेला प्रत्येक नावाला अख्खा वर्ग ‘हजर’ म्हणत होता. सरांनी कुणालाच उभं केलं नाही.