अक्पेनेला सापडलेलं पाखरू

अक्पेने क्लुत्से आमच्या समुद्रकाठच्या केटा गावच्या रेडिओ केंद्रात यंत्रं सांभाळायची. निवेदक माइकसमोर पुटपुटायला लागला की काचेपलीकडून ओरडायची, "अरे, तोंड उघड! बायकोला गुपित सांगतोयस का?" ते ओरडणं जसंच्या तसं हवेवर जायचं, आणि बाजारातल्या मासळीवाल्या त्या एका वाक्यासाठी रेडिओ लावून बसायच्या.

आमच्या कॉलेजातल्या मुलांनी उपग्रह बनवला, तेव्हा त्याचा आवाज जमिनीवरून ऐकणारं कुणीतरी हवं होतं. प्रकल्पाचे प्रमुख सेन्यो अमेवोर तिच्या घरी गेले. मी गणित शिकवतो, उपग्रहाच्या वाटेचं गणित माझ्याकडे, म्हणून मीही गेलो. अक्पेनेची आई अंगणात आबोलो, म्हणजे मक्याच्या पिठाचे पाव, वाफवत होती.

"केवढा असतो हा उपग्रह?" तिने विचारलं.

सेन्योंनी हातांनी पावाच्या अर्ध्या लादीएवढा चौकोन दाखवला.

"एवढासा? आणि आभाळात हरवला तर?"

"म्हणून तर मला बोलावतायत ना, आई!" अक्पेने म्हणाली. तिने पगार विचारायच्या आधीच "कधीपासून येऊ?" असं विचारलं.

उपग्रहाचं नाव खेवी. आमच्या एवे भाषेत खेवी म्हणजे पाखरू. अवकाश स्थानकातून त्याला आणखी चार छोट्या उपग्रहांबरोबर सोडलं, त्या दिवशी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. खेवी दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारणार, आणि आमच्या डोक्यावरून गेलाच तर जेमतेम दहा मिनिटं ऐकू येणार. तेवढ्या वेळात कॉलेजच्या गच्चीवरच्या अँटेनाने त्याच्याकडे तोंड करून वळत राहायचं.

पहिल्या दिवशी नुसती खरखर. दुसऱ्या दिवशीही तेच. सभागृह रिकामं झालं. सेन्यो म्हणाले, "बॅटरी गेली असणार. संपलं." बाजारात तर बायकांना आयतंच मिळालं. तिथे अक्पेनेला सगळ्या दावी, म्हणजे ताई, म्हणतात.

"काय गं दावी, तुमचं पाखरू कुणाच्या कढईत पडलं?"

"तुझ्या तर नाही ना? मग तू तुझं तेल बघ!"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी खेवीची फेरी होती. संगणकाच्या पडद्यावर बाण वर सरकत होता, अँटेना समुद्राच्या बाजूला वळल्याचं आकडे सांगत होते. अक्पेने हेडफोन लावून बसली होती. एकदम तिने ते काढून टेबलावर ठेवले.

"मास्तर, ही खरखर बदलत नाहीये."

"मग?"

"अँटेना गावाकडे असली की खरखर वाढते, समुद्राकडे वळली की कमी होते. ही जागची हलत नाही. अहो, अँटेना फिरतच नाहीये!"

ती जिन्याकडे धावली. तिच्यामागे मी, माझ्यामागे सेन्यो. वर जाऊन बघतो तर मोटर आपली घरघर करत फिरतेय आणि अँटेना ढिम्म! खाऱ्या वाऱ्याने आतल्या चाकाचे दाते खाऊन टाकले होते. मोटर फिरली की पडद्याला वाटायचं, सगळं ठीक चाललंय.

"पाखरू समुद्राकडून येतंय आणि आपण खाडीकडे कान लावून बसलोय!" अक्पेने ओरडली.

मुलांना शिकवण्यासाठी तिने गवंड्याच्या पोलादी टेपचे तुकडे कापून एक हातात धरायची अँटेना केली होती. ती गच्चीच्या कोपऱ्यातच एका छोट्या रेडिओशेजारी पडली होती. तिने ती उचलली, त्या रेडिओला जोडली आणि रेडिओ सेन्योंच्या हातात कोंबला. "मास्तर, दिशा सांगा! लवकर!"

"नैर्ऋत्येला! वर! आणखी वर!"

ती अँटेना धरून गर्रकन वळली. खरखर. मनगट जरा तिरकं केलं. पुन्हा खरखर. दहातली तीन मिनिटं गेली होती.

आणि मग आलं. बीप. बीप-बीप. बारीक, चिरका, पण नेमका. बीपच्या खुणांनी खेवी स्वतःचं नाव सांगत होता!

"बोलतोय! अरे, बोलतोय!" अक्पेनेची आरोळी किनाऱ्यापर्यंत गेली. तिथे जाळं ओढणारे कोळी गाणं थांबवून वर बघायला लागले. सेन्यो डोक्यावर चष्मा असताना चष्मा शोधत गच्चीभर फिरत होते. मी ओरडत होतो, पण काय ते आता आठवत नाही.

"मला हलवू नका रे, अँटेना हलेल!" आम्हा दोघांना कोपराने ढकलत ती म्हणाली. मग कान टवकारले. "मास्तर, सूर उतरला. आत्ताच."

गाडी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा सूर चढा असतो, पुढे गेली की उतरतो. तसंच इथे. आणि माझ्या हिशेबाने सूर अजून उतरायला नको होता! एकामागोमाग धावणाऱ्या पाच उपग्रहांपैकी आमचा कुठला, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अंदाजाने मधला धरला होता. सूर आधी उतरला, म्हणजे आमचा त्याच्या आधीच डोक्यावरून पुढे गेला होता.

"अक्पेने, हा मधला नाही! सगळ्यांच्या पुढे धावणारा आपला!"

"मग इतके दिवस मागच्याच्या नावाने हाका मारत होता होय?" ती खो-खो हसत म्हणाली.

पुढच्या फेऱ्यांनाही सूर तसाच लवकर उतरला, आणि शंका उरली नाही. त्या आठवड्यात तिच्या जुन्या रेडिओ केंद्राने खेवीचा आवाज गावाला ऐकवला. मासळीवाल्या बीप-बीप करत गिऱ्हाइकं बोलावू लागल्या. तिच्या आईने रेडिओ कानाशी धरला आणि म्हणाली, "एवढासा जीव आणि केवढी बडबड! तुझ्यावरच गेलाय."

मोटर दुरुस्त झाली. महिन्याभराने खेवीने पहिला फोटो पाठवला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे दोऱ्यासारखी आमची जमीन. बाजारात तो लावला, तेव्हा प्रत्येकीला आपापलं घर त्यात दिसलं.

खेवी वर्षभराहून जास्त टिकला. हळूहळू खाली येत होता, फेरी लवकर पुरी करत होता; एक दिवस दाट हवेत शिरून जळणार, हे ठाऊकच होतं. शेवटच्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच बोलत डोक्यावरून गेला. पुढच्या फेरीला काहीच आलं नाही. अक्पेनेने पूर्ण वेळ वाट पाहिली, हेडफोन काढले आणि टाळी वाजवली. एकटीनेच. मग आम्हीही वाजवली.

"जळेपर्यंत बोलत होता, मास्तर!" ती म्हणाली. डोळे भरले होते, पण चेहरा असा, जणू तिची मुलगी परीक्षेत पहिली आलीय.