कौलाचं पाणी

आमच्या गावच्या देवळात अजून कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

परवा एक बाई आली होती. तिच्या नवऱ्याची होडी समुद्रातून परतली नव्हती. गुरवाचा अंगठा तेव्हा मला नीट दिसला. डाव्या पाकळीला तो जरा जास्तच पाणी लावत होता. साहजिकच उजवी आधी सुकली आणि पडली.

"देवान उजवो कौल दिल्यान गो बाय," तो म्हणाला. ती डोळे पुसत पायऱ्या उतरली.

मला संताप आला. ही उघड फसवणूक होती. पण त्या बाईला हाक मारून मी तरी काय सांगणार होतो?

देऊळ रिकामं झाल्यावर गुरवाने दोन पाकळ्या माझ्या हातात ठेवल्या. त्याची मुलगी आदल्या दिवसापासून इस्पितळात बेशुद्ध होती.

"तुमी लावा," तो म्हणाला. "माका माझो हात म्हायत आसा."

त्याने डोळे घट्ट मिटले. मी पाकळ्या लावल्या. डावीला पाणी जास्त लावायचं ठरवलं होतं, पण घाईत दोन्ही चिंब झाल्या. बराच वेळ गेला.

"पडली?" त्याने विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं आणि आवाज न करता उजव्या पाकळीवर फुंकर घातली.

ती हलली नाही.