पाट्यावर वाजलेली पुंगळी

"वाजली."

शेजारच्या काकी एवढंच म्हणायच्या. पितळेची रिकामी पुंगळी दोन बोटांत धरायची, वीतभर वरनं काळ्या दगडाच्या मोडक्या पाट्यावर सोडायची, मान डावीकडे कलती करून ऐकायचं नि "वाजली" म्हणून सुपात. नाय वाजली तर "मेली" म्हणून डब्यात. पायरीवर बसून सकाळभर हेच. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, म्हातारी पोरांसारखी खेळतेय.

पुंगळी म्हणजे काडतूस उडवल्यावर जी मागे राहते ती. आमची घरं कलमांच्या बागेला लागून, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर. वर माकडं, खाली डुकरं, काय म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. म्हणून काकींच्या घरात बंदूक, काका होते तेव्हापासनं. काका गेल्यावर परवाना काकींच्या नावावर झाला नि बंदूक चालवणारा राखणदार म्हणून आमच्या ह्यांचं नाव लागलं. दुकानातली काडतुसं एकदा उडवली की फेकायची, पण काकांच्या वेळच्या ह्या पितळी, परत परत भरता येतात. दारू भरणं, मासे धरायच्या जाळ्याचं जुनं शिसं वितळवून गोळ्या ओतणं हे ह्यांचं काम. त्याच्या आधीचं सगळं काकींचं.

मी चिपळूणकडची. आमच्याकडे बंदूक पोलिसाच्या खांद्यावर बघितलेली तेवढीच. लग्न होऊन आले नि पहिल्यांदा बार ऐकला तेव्हा हातातलं भाताचं पातेलं सोडलं मी. काकी धावत आल्या, भात बघितला नि म्हणाल्या, "डुक्कर वाचलं गो, भात मेला."

पुंगळ्या आमसुलाच्या पाण्यात भिजवायच्या, राखेनं घासायच्या, त्याच पाण्यात देवाची समई नि निरांजन पण. मी म्हटलं, काकी, देवाचं नि हे एकत्र? तर म्हणे, "पितळ ते पितळ. त्याला काय माहीत कुठं जायचंय." चेपलेलं तोंड लाकडी खुंटीवर फिरवून गोल करायच्या, मग सुपात घालून उन्हात. पण माझ्या पोरीला हात लावू द्यायच्या नाहीत. पोर रांगत आली की आधी साबणानं हात धुवायच्या, दोनदा, नि मग घ्यायच्या तिला.

पुंगळीला गेलेली चीर कशी कळते मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "नखाला अडते ती मोठी. बारीक असते ती कानालाच कळते. तीच वाईट."

वाईट म्हणजे काय ते मला ह्यांनी सांगितलं होतं, नि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. चीर गेलेल्या पुंगळीचा बार मागे उलटू शकतो, नि मागे काय असतं, तर उडवणाऱ्याचं तोंड. डोळे. तेव्हापासनं हे बंदूक घेऊन निघाले की माझं पाणी पाणी व्हायचं. काकी चेष्टा करायच्या, "तुझ्या घोवाचा नेम असा की डुक्कर थांबून बघतं. पण काळजी करू नको, तोंड त्याचं शाबूत ठेवीन, फोटोला लागतं." मी हसायचे. नि खरं सांगते, काकींच्या त्या "वाजली"वर माझी झोप होती.

मोहोर आला होता तेव्हाची गोष्ट. पोर दीड वर्षाची. मी चुलीकडे, काकी पायरीवर, पोर त्यांच्या पाठीमागे ओटीवर खेळत होती. तर पडली ती ओटीवरनं, नि असा टाहो फोडलान की मी हातातलं पेटतं लाकूड सोडून धावले. काकी जागच्या हलल्या नाहीत. पाठ माझ्याकडे, मान डावीकडे कलती. पुंगळी सोडलीनी पाट्यावर.

"वाजली," म्हणाल्या.

पोर माझ्या कडेवर बोंबलतेय, काकींपासनं दोन हातांवर, नि काकी दुसरी पुंगळी उचलतायत. नि आदल्या दिवशीच्या सुपातल्या पुंगळ्या भरून हे पहाटेच बाग राखायला गेले होते. वरच्या अंगाला फोन लागत नाही. मग मी काय केलं, पोरीला तशीच कडेवर घेतली नि धावत सुटले, पायात काय नाही, कातळावरनं, ओरडत, नको हो, नको, उडवू नका. हे झाडाखाली बंदूक रोखून उभे. माझ्या ओरडण्यानं माकडं पळाली नि हे खेकसले, "अगो, कळप समोर होता! काय झालं काय?"

मी म्हटलं, काकींना ऐकू येत नाही.

हे हसले आधी. मग हसायचे थांबले. बंदूक उघडलीनी, काडतुसं घरी आणलीनी नि सगळी रिकामी करून एकेक उजेडात धरलीनी. एकीच्या तोंडाजवळ केसाएवढी चीर.

काकींना सांगायचं कोणी? हे म्हणाले, मी नाय सांगणार. मीच गेले. तोंडानं सांगायचं धाडस होईना, म्हणून ती पुंगळी त्यांच्या समोर पाट्यावर सोडली. ठप. काकी पुंगळीकडे बघेनात, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, हल्ली बोलताना बघायच्या तशा.

"नाय वाजली?"

मी मान हलवली. त्यांनी उचलली, स्वतः सोडून बघितली. परत सोडली. परत. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "कधीपासनं म्हणायचं हे गो?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, काकी, मी ऐकते, तुम्ही सोडा. दुसऱ्या दिवशी बसले. त्या सोडतायत नि माझ्याकडे बघतायत. मला प्रत्येक वेळी ह्यांचे डोळे दिसायचे. मेली. मेली. ही पण मेली. सूप रिकामं नि डबा भरला.

"सगळ्याच मेल्या? मग सुतक पाळूया," काकी हसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "भ्यालेल्या कानाला सगळं फुटकंच लागतं. बस माझ्याबरोबर रोज. येईल तुला."

पण रोज बसायला कुठं मिळालं. शिमग्याला त्यांचा मुलगा मुंबईहून आला, ऐकू न येणारी आई एकटी कशी ठेवायची म्हणाला. त्याचंही बरोबरच. बंदूक पोलिसात जमा केली. जायच्या सकाळी काकी वरवंटा घेऊन पायरीवर बसल्या नि पुंगळ्या ठेचून सपाट केल्या, चांगल्या-वाईट सगळ्या. मी कानाशी ओरडून म्हटलं, काकी, काकांच्या आहेत ना त्या. "मला ऐकू येईना, तुला कळेना. मग कुणाच्या तोंडावर फुटू देत?" एक तेवढी ठेवलीनी नि माझ्या ओंजळीत दिलीनी. "ही वाजते. खात्रीची. हिच्यावर कान बसव."

मुंबईहून फोन यायचा. पण फोनवर त्या नुसत्या बोलायच्या. "पोर चालते का नीट? घोवाला सांग, माकडांच्या मागं कातळावर धावू नको." नि ठेवायच्या. माझा एक शब्द कधी त्यांच्या कानात गेला नाही. पावसाळ्यात गेल्या त्या. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

ह्या वर्षी हे पत्र्याचा डबा बडवत माकडं हाकतात. काकींनी दिलेली पुंगळी मी देवळीत ठेवलेली. परवा मी भांडी घासत होते नि पोरीनं ती कधी काढलीन कळलं नाही, नेऊन काकींच्या पायरीवरच्या पाट्यावर टाकलीन. मी पाठमोरी. नि मला ऐकू आलं. बारीक, लांब, मध्ये कुठं अडलं नाही, शेवटपर्यंत गेलं. मी धावले नाही, भ्याले पण नाही. राखेचे हात तसेच ठेवून उभी राहिले. ती चीर गेलेली पण त्या दिवसापासनं माझ्याकडेच होती, म्हणून ठेचण्यातनं वाचलेली, ती काढली, सोडली. ठप. मग परत ही.

पोर माझ्याकडे बघत होती. काकींच्या दाराला कुलूप.

"वाजली," मी म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं, काकींना कमी ऐकू येतं ना.