डब्यावरच्या चिठ्ठ्या
काल स्टीलच्या जुन्या डब्यावरचा वाळलेल्या डिंकाचा डाग नखाला लागला आणि पालम गावातलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. स्पर्धा परीक्षेसाठी मी अवघड इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, अशा चिठ्ठ्या आईच्या डब्यांवर चिकटवायचो, जेवता जेवता पाठ व्हावेत म्हणून. माझी घोकंपट्टी ऐकून तेच शब्द आईच्याही तोंडी बसले होते. भाकरी थापताना ती विचारायची, "बेनेव्होलंट म्हंजी काय रे?" आणि मी अडलो की चिठ्ठीवरचा 'परोपकारी' हा अर्थ वाचून हसायची. एकदा परभणीच्या क्लासमधले मित्र यायचे होते. हे गावठी वाटेल म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. मित्र चहासाठी बसलेले, आणि आतून आई सारख्याच दिसणाऱ्या डब्यांची झाकणं उघडत म्हणाली, "बेनेव्होलंटचा डबा कुठला रे? साखर त्यात हाय." मित्र हसले. मी खेकसलो, "तुला काय करायचंय इंग्रजीचं?" त्यानंतर तिनं एकही शब्द विचारला नाही. ती झाकणं उघडून बघत राहिली, वर्षानुवर्षं, आणि मी त्या डब्यावर पुन्हा चिठ्ठी लावली नाही, साधी मराठीत 'साखर' एवढीसुद्धा.